व्हिडिओवाला ठरवताना आधी आवाज ऐका

वाचकाचे पत्र :

माझ्या मुलीचे लग्न डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आहे. हळद आणि चुडा फोंड्याला घरी, मुहूर्त सकाळी १०:४२ चा देवळाच्या हॉलमध्ये, आणि संध्याकाळी रिसेप्शन उतोर्डाला समुद्राकडच्या लॉनवर. व्हिडिओसाठी तीन पर्याय आहेत. एक स्टुडिओ ‘सिनेमॅटिक पॅकेज’ देतो, त्यात ड्रोन, टीझर, रील सगळे आहे. दर आमच्या अंदाजाच्या दुप्पट. दुसरा इथलाच जुना व्हिडिओवाला, साधा माणूस, दर परवडणारा. तिसरा माझा भाचा; त्याने नवा कॅमेरा घेतला आहे आणि फुकट करून देतो म्हणतो. कोणाला सांगावे, काय विचारावे, कागदावर काय लिहून घ्यावे? सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत, चुडा भरताना त्या ओव्या म्हणतात. त्या तरी नीट याव्यात एवढी इच्छा आहे.
– एक आई, फोंडा

ताई, सप्रेम नमस्कार.

सासूबाईंच्या ओव्यांचे तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी लिहिले आहे, पण निवड तिथूनच सुरू करा. लग्न दिसले कसे, ते फोटोत येतेच. व्हिडिओला वेगळे पैसे मोजायचे ते मंगलाष्टकांसाठी, ओवीसाठी, पाठवणीच्या वेळी कोण काय बोलले त्यासाठी. आणि लग्नाच्या व्हिडिओत सर्रास बिघडते तेही नेमके हेच. चित्र झकास असते, पण अंतरपाट दूर होतो त्या क्षणी मागे सिनेमाचे गाणे वाजत असते. कारण खरा आवाज वापरण्याजोगा आलेलाच नसतो.

म्हणून तिघांकडेही एकच गोष्ट मागा : देवळाच्या हॉलमध्ये सकाळी झालेल्या एका लग्नाची पूर्ण फिल्म. टीझर नको, रील नको. तीन मिनिटांच्या टीझरला दोन-तीन सेकंदांचे साठ-सत्तर तुकडे पुरतात, आणि दिवसभर कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या कोणालाही तेवढे चांगले तुकडे मिळतात. त्यावरून माणसाचा हात कळत नाही. पूर्ण फिल्म घरी आणा, थेट मंगलाष्टकांवर जा आणि कानाला हेडफोन लावून ऐका. शब्द कळतात का? भटजींचा आवाज मध्येच फाटतो का? कॅमेरा बदलला की आवाजाची पातळी उडी मारते का? लाजाहोमाच्या वेळी मंत्र ऐकू येतात की नुसता पंख्याचा घोंघाट? मग आवाज बंद करून तोच भाग पुन्हा पाहा. माळा घालताना नवरा-नवरी दोघांचे चेहरे दिसतात का, की एकाचा चेहरा आणि दुसऱ्याची पाठ? कन्यादानाच्या वेळी आई-वडील फ्रेममध्ये आहेत का?

फिल्म आवडली तर लगेच पुढचा प्रश्न : हे शूटिंग ज्याने केले, तोच आमच्याकडे येणार का? तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्तांची गर्दी होते. एका तारखेला दोन-तीन लग्ने घेतलेला स्टुडिओ बाहेरची माणसे रोजावर बोलावतो. त्यात गैर काही नाही, पण मग तुम्ही काम एकाचे पाहिलेले असते आणि कॅमेरा दुसऱ्याच्या हातात. येणाऱ्या माणसांची नावे विचारा आणि ती कागदावर घाला.

आता दोन कॅमेऱ्यांचे. मुहूर्ताच्या वेळी मंडपात नेमके काय होते ते डोळ्यांपुढे आणा. नवरा-नवरी समोरासमोर उभे, मध्ये अंतरपाट, मामा मागे. शेवटचे ‘सावधान’ होते, अंतरपाट उत्तरेकडे ओढला जातो, वाद्ये सुरू होतात, माळा पडतात, चारी बाजूंनी अक्षता येतात. सगळे मिळून दहा-पंधरा सेकंद. कॅमेरा एकच असेल तर तो नवरीच्या चेहऱ्यावर तरी असेल किंवा नवऱ्याच्या. एकच माणूस दोन्हीकडे धावला, तर दोन्ही हातचे जातात. त्यामुळे किमान दोन माणसे आणि तीन कॅमेरे असे ठरवा : दोघांच्या हातात एकेक, आणि तिसरा समोरून स्टँडवर, पूर्ण मंडप दिसेल असा, मुहूर्ताच्या अर्धा तास आधी सुरू केलेला आणि सप्तपदी संपेपर्यंत हात न लावलेला. हातातल्या कॅमेऱ्यांची काहीही गडबड झाली, तरी हा तिसरा एडिटरला तारतो.

या तिसऱ्या कॅमेऱ्याला उंची लागते. अक्षता टाकायला सगळे एकदम उभे राहतात, निम्म्यांचे मोबाइल डोक्यावर असतात, आणि साडेपाच फुटांवरचा कॅमेरा त्यांच्या पाठीच टिपतो. डेकोरेशनवाल्याला आजच सांगा : मंडपापासून २० ते २५ फुटांवर, मधल्या वाटेच्या तोंडाशी, चार बाय चार फुटांचा, दीड फूट उंच, न हलणारा प्लॅटफॉर्म हवा. कॅमेऱ्याचे भिंग जमिनीपासून सात फुटांवर आले पाहिजे. त्या कॅमेऱ्याचा फोकस मंडपावर पक्का करून ठेवायला सांगा. ऑटो फोकस उडणाऱ्या अक्षता आणि होमाच्या धुराला धरायला जातो, आणि नेमक्या क्षणी चित्र धूसर-स्पष्ट, धूसर-स्पष्ट होत राहते.

आवाजाकडे येऊ, कारण खरी मेहनत तिथे आहे. कॅमेऱ्यावर बसवलेला माइक २० फुटांवरून मंत्र टिपू शकत नाही. त्याला जवळच्या बाकावरच्या गप्पा आधी ऐकू येतात. आवाज उगमाजवळच पकडावा लागतो. भटजींना छोटा कॉलर माइक लावायचा तर त्यांच्या अंगात शर्ट नसतो, उपरणे असते, आणि ते आहुती देताना सरकते, माइकवर घासते, मग मंत्रांऐवजी खसखस येते. माइक डाव्या खांद्यावरच्या घडीत खोचून वरून कापडी चिकटपट्टी लावावी लागते. त्यासाठी भटजींची आधी परवानगी घ्या, मुहूर्ताच्या धांदलीत नव्हे. नवरीला माइक लावू नका. बांगड्या, दागिने आणि रेशीम मिळून तिचा शब्द ऐकू देत नाहीत. त्यापेक्षा एक छोटा रेकॉर्डर मंडपाच्या खांबाला, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, झेंडूच्या माळेआड बांधायचा. भटजी, यजमान, नवरा-नवरी सगळे त्याच्यापासून तीन-चार फुटांत येतात.

मंगलाष्टके म्हणणाऱ्यांच्या हातात हॉलचा माइक असतो. तो आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरमधून तारेने थेट रेकॉर्डरमध्ये घेता आला तर उत्तम. पण बऱ्याच जुन्या हॉलमधल्या अॅम्प्लिफायरला तशी जागाच नसते, किंवा असली तरी त्यातून येणारा आवाज इतका जोराचा असतो की रेकॉर्डिंग फाटते, आणि फाटलेला आवाज एडिटिंगमध्ये सहसा नीट सांधता येत नाही. अशा वेळी जाणता व्हिडिओवाला आपला छोटा माइक त्या हातातल्या माइकलाच रबर बँडने बांधतो. साधी युक्ती आहे, पण मामींची मंगलाष्टके तिच्यामुळे वाचतात. त्याला विचारा, “मंगलाष्टकांचा आवाज कसा घेणार?” उत्तरात ‘रेकॉर्डर’, ‘मिक्सरमधून’, ‘कॉलर माइक’ यातले काही आले तर माणूस कामाचा. ‘कॅमेऱ्याला माइक आहे की’ असे उत्तर आले तर पुढे जाऊ नका, पॅकेज कितीही मोठे असो. बिनतारी माइक वापरणार असतील तर त्या माइकच्या ट्रान्समीटरमध्येच रेकॉर्डिंग होते का, तेही विचारा. दोनशे मोबाइल असलेल्या हॉलमध्ये बिनतारी आवाज मधूनच तुटतो. आत साठवलेला आवाज तुटत नाही.

देवस्थानच्या कचेरीत तुम्ही स्वतः जाऊन या. गर्भागारात आणि पुष्कळ देवळांत सभामंडपातही चित्रण चालत नाही, आणि देवस्थानागणिक नियम वेगळे असतात. देवाला नारळ ठेवतानाचे शूटिंग कुठपर्यंत चालेल, हॉल सकाळी किती वाजता उघडतात, वीज गेली तर जनरेटर आपोआप सुरू होतो की कोणीतरी जाऊन सुरू करतो, मंडपाजवळ प्लग किती आहेत, हे सगळे विचारून व्हिडिओवाल्याला कळवा. जमले तर लग्नाच्या आधी एक दिवस सकाळी साडेदहालाच त्याला हॉल दाखवा. संध्याकाळी पाहिलेला हॉल सकाळी वेगळाच असतो : मंडपामागे मोठ्या खिडक्या असतील तर सकाळच्या उजेडात चेहरे काळे पडतात. त्यावर उपाय सोपा आहे, मागे जाड पडदा किंवा फुलांची भिंत. पण डेकोरेशनवाल्याला तो आधी कळायला हवा.

उजेडावरून आणखी एक. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. स्वस्त एलईडी दिवे तिच्याबरोबर लुकलुकतात. डोळ्यांना ते दिसत नाही, पण कॅमेऱ्यात चेहऱ्यांवरून आडवे काळे पट्टे सरकत राहतात. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला की त्रास बहुतांशी जातो. ‘सिनेमॅटिक’ म्हणून कोणी २४ फ्रेमचा आग्रह धरत असेल, तर तेही चालेल, पण शटर १/५० च हवे. संध्याकाळच्या स्टेजवर जांभळे-निळे दिवे समोरून मारू नका, हे साउंड-लाइटवाल्याला निक्षून सांगा. ते मागच्या पडद्यावर छान दिसतात, पण तोंडावर पडले की कातडीचा रंग नंतर कोणी परत आणू शकत नाही. समोरून दोन साधे पांढरे दिवे, डावी-उजवीकडून तिरके, डोक्याच्या वर, एवढे पुरे.

रिसेप्शनचे वेळापत्रक सूर्य आणि कायदा दोघे मिळून ठरवतात. डिसेंबरच्या सुरुवातीला गोव्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पाच ते सहा हा समुद्राकडचा सुरेख उजेड, पावणेसातला काळोख. सातला पाहुणे येणार म्हणून नवरा-नवरी सातला तयार झाले, तर समुद्र व्हिडिओत येणारच नाही. त्यांना पाचला तयार ठेवा. फोंड्याहून उतोर्डा, दुपारचे जेवण, साडी बदलणे, केस हे सगळे धरून हॉलमधून अडीचला निघावे लागेल, तेव्हा पंगतीचा हिशेबही त्यावर बसवा. आणि रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, हा देशभरचा नियम आहे. भाषणे आणि नाच साडेनऊला संपतील असे पाहा. नाहीतर नऊ पन्नासला घाईघाईत केक कापला जातो आणि वडिलांचे दोन शब्द राहून जातात.

समुद्राचा वारा माइकमध्ये घरघर करतो. माइकला केसाळ टोपी असते ती घातलेली असावी. दुसरे, आपल्या दमट हवेतला नेहमीचा घोळ : कॅमेरे रिसॉर्टच्या एसी खोलीत ठेवतात आणि ऐन वेळी लॉनवर आणतात. थंड भिंगावर बाहेरची वाफ बसते, आत-बाहेर धुके, आणि पुसल्याने ते जात नाही. कॅमेरे बंद बॅगेतच अर्धा तास बाहेर ठेवले की हवेशी जुळतात. टीमला एसी खोली देणार असाल तर तेवढे आठवणीने सांगा.

ड्रोनबद्दल आमचे मत स्पष्ट आहे : तुमच्या लग्नाला तो नको. सकाळी हॉलच्या आत त्याचे काम नाही. संध्याकाळी उतोर्डा दाबोळी विमानतळापासून १२ किलोमीटरच्या आत येते, आणि तो तळ नौदलाचा आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मोकळीक आहे. त्याहून जवळ किंवा त्याहून वर हवाई नियंत्रकाची परवानगी लागते, आणि लाल, म्हणजे उड्डाणाला मनाई असलेला पट्टा असेल तर केंद्र सरकारची. तुमचे लॉन कोणत्या रंगात पडते ते डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर दिसते. शिवाय २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवणाऱ्याकडे रिमोट पायलटचे प्रमाणपत्र असावे लागते. ‘आम्ही नेहमी उडवतो’ हे उत्तर नव्हे. कागद दाखवले नाहीत आणि पोलिस आले, तर यजमान म्हणून त्यांच्यासमोर तुम्हालाच उभे राहावे लागेल. ते पैसे दुसऱ्या कॅमेरामनवर आणि माइकांवर घाला.

विवाह नोंदणी कार्यालयातल्या सह्यांसाठीही व्यावसायिक माणूस नको. तिथे विचारून मोबाइलवर दोन मिनिटे घेतली की झाले. परदेशातल्या नातेवाइकांसाठी लाईव्ह हवे असेल तर ते वेगळे काम समजा आणि त्यासाठी वेगळा माणूस ठेवा. नव्या यूट्यूब चॅनेलवर लाईव्ह चालू व्हायला पहिल्या वेळी २४ तास लागतात, तेव्हा आदल्या रात्री नव्हे, आठवडाभर आधी ते उघडा. हॉलच्या जाड भिंतींत नेट कसे येते ते त्याच जागी तपासा. अपलोडला सलग ५-६ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) वेग हवा, आणि दुसऱ्या कंपनीचे सिम हाताशी असावे.

भाच्याचे काय? मुलगा प्रेमाने म्हणतो आहे, त्याला नाही म्हणू नका, पण मुहूर्ताची जबाबदारी त्याच्यावर टाकू नका. तो घरचा आहे. त्याला अक्षता टाकायच्या असतात, आजीला हात धरून आणायचे असते, आणि त्याने स्वतःही व्हिडिओत असायला हवे. शिवाय नवशिक्यांच्या कॅमेऱ्यात बहुधा एकच कार्ड बसते, आणि ते बिघडले तर लग्न गेले. त्याला हळदीचा आणि चुड्याचा दिवस द्या. घर त्याचे, माणसे त्याची, त्याच्यापुढे कोणी संकोचत नाही. हळदीला एक सूचना : व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याचे रंग जुळवणे, ऑटोवर ठेवू नये. पिवळी साडी, पिवळा माटव (मांडव), पिवळा बल्ब पाहून कॅमेरा पिवळेपणा काढून टाकायला जातो आणि हळद फिकट दिसते.

तर निवड : गावातल्या व्हिडिओवाल्याची पूर्ण फिल्म ऐकून आवाज पटला, तर त्यालाच सांगा, आणि दुसरा कॅमेरामन व आवाजाचे सामान यांचे पैसे वर द्या. आवाज पटला नाही तर सिनेमॅटिकवाल्या स्टुडिओशी बोला : ड्रोन, रील, प्रीवेडिंग काढा आणि दर किती ते सांगा. पॅकेज म्हणजे दगडावरची रेघ नव्हे.

ज्याला ठरवाल त्याच्याशी कागद करा. साधा कागद, दोघांच्या सह्या, मराठीत लिहिला तरी चालतो. मजकूर असा काही :

‘दि. ... रोजी स. ७ ते रा. १०:३०. माणसे तीन : (नावे). कॅमेरे तीन, आवाजाचे वेगळे रेकॉर्डर दोन. मुहूर्ताच्या दोन तास आधी हॉलवर हजर. रेकॉर्डिंग एकाच वेळी दोन कार्डांवर. मुख्य माणूस आजारी पडल्यास बदली कोण, ते आधी कळवून. देणे : पूर्ण फिल्म अंदाजे ९० मिनिटे, मंगलाष्टके व सप्तपदी न कापता मूळ आवाजात, हायलाइट ५ मिनिटे. हायलाइट १५ दिवसांत, फिल्म ६० दिवसांत. दुरुस्त्या दोन वेळा. मूळ फुटेज आमच्या डिस्कवर. आमच्याकडून पोच मिळाल्यानंतर ६ महिने स्टुडिओकडे प्रत राहील. जादा तासाचा दर रु. ... एकूण रु. ..., जीएसटीसह.’

‘न कापता, मूळ आवाजात’ हे शब्द गाळू नका. सगळा कागद त्या चार शब्दांसाठी आहे असे समजा. ‘जीएसटीसह’ हेही लिहाच, कारण नोंदणी असलेला स्टुडिओ १८ टक्के लावतो आणि ते शेवटच्या बिलात कळले की वाद होतात. ३० टक्के ठरवताना, ४० लग्नाच्या दिवशी, ३० फिल्म हातात आल्यावर, अशी विभागणी दोघांनाही बरी. सगळे पैसे आधी दिले की तुमची फिल्म पुढच्या लग्नांच्या मागे रांगेत जाते. टीमच्या जेवणाची सोय तुमच्याकडे धरा आणि त्यांना पहिल्या पंगतीला बसवा. पाठवणीच्या वेळी उपाशी माणसाचा हात थरथरतो.

हक्काचेही बोलून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन करून घेतलेल्या चित्रणाचा पहिला मालक ते करून घेणारा, म्हणजे तुम्ही. पण ‘उलट करार नसेल तर’. काही स्टुडिओंच्या छापील कागदात बारीक अक्षरांत हा उलट करार असतो. तो वाचा. तुमच्या मुलीचे रील त्यांनी आपल्या पानावर टाकावे की नाही, हे तिला विचारून ‘होय’ किंवा ‘नाही’ असे लिहा. आणि गाणी : समारंभात गाणे वाजवायला त्याच कायद्यात सूट आहे, पण ती वाजवण्यापुरती. तेच सिनेमाचे गाणे फिल्मवर चढवून यूट्यूबला टाकले, तर आवाज बंद होतो किंवा व्हिडिओच अडतो. ऑनलाइन ठेवायची प्रत हवी तर ती वापराचा परवाना घेतलेल्या संगीतावर करून मागा.

मूळ फुटेजसाठी डिस्क तुम्ही द्यायची. हिशेब असा : १०० एमबीपीएसने ४के रेकॉर्डिंगला तासाला ४५ जीबी. तीन कॅमेरे सरासरी पाच तास चालले तर ६७५ जीबी. म्हणून १ टीबीच्या दोन डिस्क घ्या, एक तुमच्याकडे, दुसरी दुसऱ्या घरी, मुलीकडे किंवा भावाकडे. वर्षातून एकदा दोन्ही लावून पाहा. कपाटात पडून राहिलेली डिस्क एक दिवस उघडतच नाही. मूळ फुटेज करडे, फिकट दिसले तर घाबरू नका, रंग नंतर चढवायचे म्हणून ते मुद्दाम तसे घेतात. टीव्हीसाठी वेगळी एमपी४ प्रत मागा. जुन्या टीव्हीला एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह लागतो आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, तेव्हा फिल्म दोन-तीन भागांत करून घ्या.

लग्नाच्या आधी चार दिवस दोन छोट्या याद्या द्या. एक, नावांची, जशी पडद्यावर यायला हवीत तशी, ऱ्हस्व-दीर्घासकट. दुसरी, दहा माणसांची, जी सुटता कामा नयेत. प्रत्येकासमोर नाते लिहा. आणि दोन्ही बाजूंचे एकेक जाणते माणूस कॅमेरामनच्या हाताशी द्या, ‘ही मोठी आत्या, हे पणजोबा’ असे सांगायला. एडिटरला तुमचे नातेगोते ठाऊक नसते. त्याच्या लेखी कोपऱ्यातल्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्या बाई म्हणजे एक रिकामा शॉट, आणि फिल्म लांबली की तो पहिला जातो.

शेवटी सासूबाईंच्या ओव्या. चुड्याच्या दिवशी काकणकार येईल, खोली भरेल, बायका हसतील, बांगड्या किणकिणतील. तो आवाज भाच्याला तसाच घेऊ द्या, तो त्या दिवसाचा आहे. पण त्यात आजीचे शब्द अर्धे बुडतील. म्हणून तो दिवस यायची वाट पाहू नका. या आठवड्यात एका सकाळी, त्यांचा चहा झाल्यावर, गळा मोकळा असताना त्यांच्याजवळ बसा. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, दुमडलेल्या चादरीवर ठेवा, त्यांच्या तोंडापासून दीड फुटावर. टेबलावर नको, टेबल गुणगुणते. स्वयंपाकघरातला मिक्सर आणि डोक्यावरचा पंखा बंद करा. पहिली ओवी तुम्ही चुकत म्हटलीत की पुढच्या त्या आपणहून दुरुस्त करून म्हणतील. दहा मिनिटे मध्ये बोलू नका. मग ती फाइल भाच्याला आणि व्हिडिओवाल्याला पाठवा आणि सांगा, चुड्याच्या दृश्याखाली हा आवाज घालायचा.